जनावरांची औषधे : प्रकार, परिणाम आणि घ्यावयाची काळजी

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पिकावर फवारणी करण्यापूर्वी आपण डब्यावरचे लेबल वाचतो. पंपाला किती मिली घालावयाचे ते विचारतो आणि फवारणीनंतर किती दिवसांनी भाजी तोडावी हेही पाहतो. गोठ्यात मात्र ही शिस्त राहत नाही. शेजाऱ्याच्या गाईला लागू पडलेली बाटली आपल्या म्हशीला पाजली जाते. उरलेले इंजेक्शन कोनाड्यात ठेवून पुढच्या आजारपणात वापरले जाते.

मी कृषिविद्येचा शिक्षक आहे. रोगाचे निदान आणि औषधाची निवड हे पशुवैद्यकाचेच काम आहे. परंतु दिलेले औषध कोणत्या प्रकारचे आहे, ते काय करते आणि शरीरात किती दिवस राहते, हे मालकाला माहीत असलेच पाहिजे. कारण जनावराच्या अंगात गेलेले औषध तेथेच संपत नाही. ते दुधातून घरात येते आणि जनावर मेले तर रानातही जाते.

प्रतिजैविके : पेनिसिलीन, ऑक्सिटेट्रासायक्लीन, एन्रोफ्लॉक्सासिन ही या गटातील नावे. घटसर्प, फऱ्या, कासदाह अशा जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांवर ती उपयोगी पडतात. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी हे रोग विषाणूंमुळे होतात. तेथे जखमांत मागाहून होणारा जिवाणूंचा संसर्ग आवरण्यापुरताच त्यांचा उपयोग. या दोन रोगांवर खरा उपाय म्हणजे वेळेवर लस. पहिल्या इंजेक्शनाने ताप उतरला म्हणून उपचार मध्येच थांबवू नयेत. चिवट जंतू मागे उरतात आणि पुढे तेच औषध लागू पडत नाही. प्रतिजैविके मनाने पोटातून देऊ नयेत. त्यांनी कोठीपोटातील उपयुक्त जिवाणूही मरतात, रवंथ मंदावते व जनावर चारा सोडते.

जंतनाशके : प्रत्येक जंतनाशक प्रत्येक जंतावर चालत नाही. आयव्हरमेक्टिन गोलकृमी तसेच उवा, खरजेचे किडे यांवर चालते, पण चपट्या कृमींवर नाही. यकृतातील चपट्या कृमींसाठी ऑक्सिक्लोझानाइडसारखे औषध लागते. गाभण काळाच्या सुरुवातीस अल्बेंडाझोल देऊ नये. गर्भाला धोका असतो. मात्रा वजनावर ठरते आणि अंदाज बहुधा चुकतो. त्यासाठी सोपा हिशेब असा : छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे व ६६० ने भागावे. घेर ६० इंच व लांबी ५५ इंच असेल तर वजन सुमारे ३०० किलो येते. फेनबेंडाझोलची मात्रा गाईला साधारणतः दर किलो वजनास ५ मिलिग्रॅम, म्हणजे या गाईला १५०० मिलिग्रॅम. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

वेदनाशामके : ही औषधे ताप, सूज व वेदना कमी करतात, रोगजंतू मारत नाहीत. म्हणून ताप उतरला म्हणजे रोग गेला, असे समजू नये.

या गटातील डायक्लोफिनॅकने केवढे नुकसान केले ते ऐका. हे औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती थोड्याच दिवसांत मरतात. हे कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले. तोपर्यंत आपल्याकडेही पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या झपाट्याने घटली होती. १९९० च्या दशकापासून पुढच्या दीड दशकात ती ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली. गावाबाहेर टाकलेले मढे काही तासांत साफ करणारा पक्षी गेला आणि मढी तेथेच कुजू लागली. भारताने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद करण्याचे पाऊल उचलले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली इंजेक्शनाची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली. २०२३ साली किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक अॅसिड ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली वेदनाशामके आहेत. पशुवैद्यकाकडे त्यांचीच मागणी करावी.

दूध केव्हा वापरावे : भाजीला जसा तोडणीपूर्वीचा थांबा, तसाच दुधालाही आहे. २०१२ पासूनच्या नियमानुसार हा कालावधी औषधाच्या लेबलावर द्यावा लागतो. तो ठरवून दिलेला नसेल तेथे दुधासाठी व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरावेत. उकळल्याने बहुतेक प्रतिजैविकांचे अंश जात नाहीत. अशा दुधाचे दही नीट लागत नाही, कारण विरजणातील जिवाणूच मरतात. कासेच्या एकाच सडात औषध सोडले असले तरी चारही सडांचे दूध बाजूला काढावे. ते वासरांनाही पाजू नये. आठवड्याचे दूध ओतून देणे जिवावर येते, हे खरे. म्हणूनच औषध देण्यापूर्वीच कमी थांब्याचे औषध आहे का, हे विचारावे. आपल्या एका बादलीने संकलन केंद्रावरचे साऱ्या गावाचे दूध बिघडते आणि ते कोणाच्या तरी लेकरापर्यंत पोहोचते.

बंधूंनो, गोठ्यात एक वही टांगा. जनावर, औषध, मात्रा, तारीख व दूध पुन्हा सुरू करण्याचा दिवस, एवढेच तिच्यात लिहा. पशुवैद्यक आले की तीन प्रश्न विचारा : औषध कशावर आहे? किती वेळा द्यावयाचे? दूध कधीपासून वापरावयाचे? उत्तर मिळाल्याशिवाय बाटलीचे बूच उघडू नका.