पिंजऱ्यांचे गणित आणि दयामरण



अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९७९ साली एका एकाकी स्त्रीचा मृत्यू झाला. तिच्या मृत्युपत्रात एक विलक्षण अट होती. आपल्या पश्चात आपल्या सिडो नावाच्या कुत्र्याची आबाळ होईल, या भयाने तिने सिडोला मारून टाकावे असे लिहून ठेवले होते. सिडो वयस्कर, पण धडधाकट होते. त्याला तात्पुरते सांभाळण्यासाठी शहरातील प्राणिदया संस्थेकडे आणण्यात आले. संस्थेचे प्रमुख रिचर्ड अवान्झिनो यांनी मात्र ते मारण्यासाठी परत देण्यास साफ नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८० साली मृत्युपत्रातील ती अट अवैध ठरली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तर त्या एका जिवासाठी कायदाही संमत केला. पुढे सिडो अवान्झिनो यांच्याच घरी राहिले.

कथा येथेच संपली असती तर ती एक गोड बोधकथा ठरली असती. परंतु त्याच काळी शहराच्या कोंडवाड्याचे कंत्राट याच संस्थेकडे होते आणि त्या कोंडवाड्यात दरवर्षी हजारो कुत्री-मांजरे मारली जात होती. एका कुत्र्यासाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या संस्थेच्या हाती दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच सुई येत होती. ही विसंगती अवान्झिनो यांना बोचू लागली, आणि तिच्यातूनच पुढची चळवळ उभी राहिली.

येथे एका शब्दाचा विचार केला पाहिजे. असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या प्राण्याच्या यातना संपवणे, याला दयामरण म्हणता येते. वैद्य ते जड मनाने करतो आणि त्यात दयाच असते. पण अंगात कोणताही रोग नसलेल्या दोन वर्षांच्या कुत्र्याला, केवळ उद्या येणाऱ्या कुत्र्यासाठी पिंजरा रिकामा हवा म्हणून सुई टोचली, तर त्याला काय म्हणावे? अमेरिकेने दीर्घकाळ दोन्हींसाठी एकच शब्द वापरला. शब्द मवाळ असला की कृत्य डोळ्यांत सलत नाही.

गंमत अशी की हे काम करणारे लोक क्रूर नव्हते. हेन्री बर्ग यांनी १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतील पहिली प्राणिदया संस्था स्थापन केली, ती मुक्या प्राण्यांना चाबकापासून सोडवण्यासाठी. बर्ग १८८८ साली वारले. १८९४ मध्ये त्यांच्याच संस्थेने शहरातील मोकाट जनावरांचे काम अंगावर घेतले आणि पुढील शंभर वर्षे ते केले. नदीत बुडवून मारण्यापेक्षा आपल्या हातून निदान वेदनारहित मरण येईल, हा हेतू प्रामाणिक होता. तरीही रक्षण करणाऱ्यांच्या हाती वधाचे काम आले ते आलेच. गावोगावच्या संस्थांनी हाच कित्ता गिरवला.

मग हे थांबवावे कसे? भाबडी माणसे म्हणतात, मोठे निवारे बांधा. येथेच गणित मांडावे लागते. समजा, एका निवाऱ्यात शंभर पिंजरे आहेत आणि रोज दहा प्राणी येतात. प्रत्येक प्राणी सरासरी दहा दिवसांत नव्या घरी गेला, तर निवारा नेमका भरलेला राहतो. मुक्काम पंधरा दिवसांचा झाला की दीडशे पिंजरे लागतात. पन्नास प्राणी कोठे ठेवायचे? दाटीवाटीने ठेवले तर खोकला, जुलाब पसरतात, मुक्काम आणखी लांबतो. शेवटी कोणीतरी यादी घेऊन पिंजऱ्यांसमोरून फिरू लागते. नवे पन्नास पिंजरे बांधले तरी येणाऱ्यांची संख्या आणि मुक्काम तोच राहिला, तर काही दिवसांत तेही भरतात. म्हणून खरे काम निवाऱ्याच्या बाहेर असते. येणारे प्राणी कमी करावेत आणि आलेला लवकर घरी जावा, हेच ते काम.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संस्थेने १९८४ साली कोंडवाड्याचे कंत्राट सोडत असल्याचे कळवले. १९८९ मध्ये शहराने आपला स्वतंत्र विभाग उभारला. मोकळ्या झालेल्या संस्थेने आपले बळ स्वस्त निर्बीजीकरण आणि दत्तक देणे यांवर लावले. कुत्रे पाळणाऱ्या भाडेकरूंना घरे मिळावीत म्हणून ती घरमालकांशीही बोलली. कुत्रे नकोसे होण्याचे कारण पुष्कळदा कुत्र्यात नसते, भाडेकरारात असते! १९९४ साली तिने शहराशी लेखी करार केला की दत्तक देण्याजोगा कोणताही प्राणी शहर विभागाला घर देता आला नाही, तर तो संस्था घेईल.

टेक्सासमधील ऑस्टिन शहराची कहाणी अधिक बोलकी आहे. तेथे एलेन जेफरसन या पशुवैद्य स्त्रीने आधी निर्बीजीकरणाचे दवाखाने चालवले. २००८ पासून तिचे सहकारी शहराच्या निवाऱ्यातील दुसऱ्या दिवशीच्या वधाची यादी घेऊन बसू लागले. यादीत कोण आहे, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर असे निघाले की आईविना आलेली दूधपिती मांजराची पिल्ले, पार्वो झालेली कुत्र्याची पिल्ले आणि अंगाने मोठी, हूड कुत्री हीच त्यात पुन्हा पुन्हा दिसत. मग प्रत्येकासाठी वेगळा उपाय झाला. पिल्लांना दर दोन-तीन तासांनी बाटलीने दूध पाजणाऱ्यांच्या रात्रपाळ्या लागल्या. पार्वोचा स्वतंत्र कक्ष उघडला. पुढील अकरा-बारा वर्षांत तेथे उपचार घेतलेल्या पाच हजारांहून अधिक कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के जगली. मोठ्या कुत्र्यांना खेळगट आणि तात्पुरती घरे मिळाली. २०१० मध्ये नगर परिषदेने ठराव केला आणि २०११ मध्ये शहरात येणाऱ्या दर शंभर प्राण्यांमागे नव्वदांहून अधिक जिवंत बाहेर पडू लागले. नव्वद हीच रेघ का? उरलेल्या दहांत खरोखर असाध्य किंवा अत्यंत धोकादायक प्राणी असू शकतात, असे या चळवळीने मानले. म्हणजे दयामरण हा शब्द तिने टाकून दिला नाही; त्याला त्याचा मूळ अर्थ परत दिला.

प्राणिदया संस्थेच्या अंदाजानुसार २०११ साली अमेरिकेतील निवाऱ्यांत सुमारे २६ लाख कुत्री-मांजरे मारली गेली. २०१९ पर्यंत हा आकडा ९ लाख २० हजारांवर आला. २०२४ मध्ये तो सहा लाखांच्या थोडा वर होता. तरीही सारे गोड नाही. कोरोनानंतरच्या वर्षांत दत्तक जाणारी मोठी कुत्री रोडावली, निवारे तुडुंब भरले. ऑस्टिनलाही काही काळ नवे प्राणी घेणे थांबवावे लागले. नव्वदचा आकडा राखण्यासाठी दार बंद करणे, हीही एक फसवणूकच आहे. दाराबाहेर मेलेले कुत्रे कोणत्याच तक्त्यात येत नाही.

हे सारे महाराष्ट्राला परके नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारच्या श्वानवधाविरुद्ध पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभारला. न मारणारा निवारा म्हणतात तो असा. कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपणच सांगतो. असे असूनही मुंबई महापालिका १९९४ पर्यंत कुत्री मारत होती, आणि तरीही रस्त्यावर कुत्री होतीच. त्यानंतर निर्बीजीकरण आले. २००१ साली केंद्राचे नियम झाले, त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. असाध्य आजारी वा प्राणांतिक जखमी प्राण्यापुरतेच दयामरण त्यांत ठेवले आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत मोठ्या पीठाने तो बदलला. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून तेथे परत न सोडण्याचे आदेश झाले. त्यामागची वेदना खोटी नाही. रेबीज झालेले मूल वाचत नाही, आणि ज्या घरातले मूल गेले त्याला भूतदया शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण गणित येथेही सुटत नाही. अमेरिकेतील निवाऱ्यात कुत्रे आठवडे-महिने राहते, कारण त्याला नेणारे घर असते. आपल्या गल्लीतले कुत्रे कोणी नेत नाही. ते पिंजऱ्यात गेले की दहा-बारा वर्षे, मरेपर्यंत, तेथेच. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. इतके पिंजरे कोणती नगरपालिका बांधणार, आणि ते भरल्यावर यादी घेऊन कोण फिरणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीपासून सुरुवात करावी. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. गल्लीत फिरताना कान पाहावेत. खाच नसलेल्या कुत्र्यांची, विशेषतः माद्यांची, यादी करून ती पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे द्यावी, आणि पकडून नेलेले कुत्रे लस टोचून त्याच गल्लीत परत येते की नाही, हे पंधरवड्याने पुन्हा जाऊन पाहावे.