आधी आकाशगंगा, मग पिठलं-भाकरी

पाऊस ओसरला की तंबू घेऊन कधी निघायचं, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: भंडारदरा, आणि सर्वपित्री अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार. पितृपक्ष म्हणून घरी कुणी नाक मुरडेल, मुरडू दे. कोजागरीला गप्पा रंगतात हे खरं, पण त्या चांदण्यात आकाशगंगेचा फोटो विसराच.

या दिवसांत तिचा ठळक भाग अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला दिसतो. साधारण 7.30 ते 9 ही वेळ आपली. पुढे तो डोंगराकडे झुकत जातो. तेव्हा आधी ट्रायपॉड, जेवण नंतर. लेन्सवर दव धरतं, सुती फडकं खिशातच असू द्या.

सकाळी रतनगडाच्या बाजूला सोनकी. सगळं पिवळं! आणि त्यात लोळून फोटो काढणारे. अहो, सोनकी एका वर्षाचं झाड. बी धरायच्या आत तुडवलं, तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय? पायवाटेवरूनच लांबची लेन्स लावून बघा. फुलं एकमेकांना चिकटल्यासारखी, उलट जास्तच दाट दिसतात.