वेष्टनाचा नफा कंपनीला, कचऱ्याचा खर्च नगरपरिषदेला



पिंजौर हे गाव दोन रस्त्यांच्या बेचक्यात वसले आहे. एक रस्ता कालक्यावरून सिमल्याकडे चढतो, दुसरा बद्दी-नालागढकडे वळतो. 2003 साली केंद्र सरकारने हिमाचलमधील उद्योगांना करसवलती दिल्या आणि बद्दीच्या परिसरात साबण, औषधे व खाद्यवस्तूंचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. पिंजौरचा स्वतःचा मोठा कारखाना म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातील एचएमटी. तेथील ट्रॅक्टर विभाग 2016 मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. ट्रॅक्टर कोणी पुडीत बांधून विकत नाही, हा भाग वेगळा!

कालका-पिंजौर 2010 मध्ये पंचकुला महापालिकेत विलीन झाले आणि 2020 मध्ये पुन्हा स्वतंत्र नगरपरिषदेकडे आले. अशा लहान नगरपरिषदेच्या तिजोरीवर दररोज कोणता बोजा पडतो? वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांस घट्ट चिकटविलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. पाकीट छापण्याचा खर्च मालाच्या किमतीत धरलेला असतो. ते गटारातून काढण्याचा खर्च मात्र कोठेच धरलेला नसतो. तो सफाई कामगाराच्या श्रमांतून आणि नागरिकांच्या करांतून भागविला जातो.

कायदा याविषयी मूक नव्हता. 2016 च्या घनकचरा नियमांतील 17 व्या नियमाने पत्रा, काच, प्लास्टिक यांची वेष्टने बाजारात आणणाऱ्या उत्पादकांनी स्थानिक संस्थांना आवश्यक ते अर्थसाहाय्य द्यावे, असे स्पष्ट बजावले होते. किती द्यावे, केव्हा द्यावे, न दिल्यास काय, याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. त्याच वर्षीच्या प्लास्टिक नियमांनी पिशव्या देणाऱ्या दुकानदारांकडून स्थानिक संस्थेस दरमहा किमान 4000 रुपये नोंदणी शुल्क ठरविले होते, तसेच पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करावयाची होती. मार्च 2018 च्या दुरुस्तीने पहिले कलम वगळले. दुसऱ्यात अशी शब्दयोजना घुसडली की जे जाळून ऊर्जा मिळते, ते वेष्टन सुटले. दोन वर्षांची मुदत संपत आली असतानाच ही दुरुस्ती व्हावी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

फेब्रुवारी 2022 पासून उत्पादकांना पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे विकत घेऊन आपली जबाबदारी पुरी करता येते. पिंजौरच्या नाल्यात अडकलेल्या पाकिटाची भरपाई दूरच्या राज्यातील प्रमाणपत्राने होते. पैसा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जातो, नाला उपसणाऱ्याकडे तो पोहोचेलच असे नाही. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुमारे 6 लाख प्रमाणपत्रे बनावट आढळली.

या प्रश्नावर महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांनी आधीच बोट ठेवले होते. पुण्यात 1993 साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने 2008 पासून महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा केला. 2013 साली या महिलांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन थेट उत्पादक कंपन्यांनाच परत पाठविले! उघड्या हातांनी जे वर्षानुवर्षे निवडावे लागले, ते कंपन्यांच्या दारात जाऊन पडले. उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवावे, अशी तरतूद 2016 च्या नियमांत आली.

आक्षेप असा घेतला जातो की कंपन्यांवर भार टाकल्यास वस्तू महाग होतील. पण आजही जनताच पैसे मोजते, आणि जो ते पाकीट कधी विकत घेत नाही तोही मोजतो. जर्मनीत 1991 च्या वेष्टन अध्यादेशापासून कंपन्या वेष्टनाचा प्रकार व वजन यांनुसार शुल्क भरतात. साहजिकच जड वा निरुपयोगी वेष्टन वापरणे महाग पडते. निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून दारूच्या बाटलीवर 10 रुपये अनामत घेतली जाते व बाटली परत करताच ती मिळते. त्यामुळे जंगलात फुटणाऱ्या बाटल्या दुकानात परतू लागल्या.

नगरपरिषदांतील प्रतिनिधींनी म्हणून पहिली मागणी वजनकाट्याची करावयास हवी. एक आठवडाभर गोळा झालेली वेष्टने कंपनीवार निवडून तोलावीत, निवडणाऱ्या कामगारांना त्या कामाची वेगळी मजुरी द्यावी, आणि वाहतूक व मजुरीसह झालेला खर्च कंपनीच्या नावाने सभेच्या इतिवृत्तात नोंदवून त्याचे बिल कंपनीस पाठवावे.