ऑफ तासांची वही



स्टाफरूममधली भांडणं कशी हाताळावीत, यावर बोला म्हणालात. तुमच्यातले निम्मे बी.एड. करतायत, चार-दोन जण नुकतेच नोकरीला चिकटलेत. म्हणून गोडगोड सांगणार नाही.

१९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेला विद्वान. तरी स्टाफसाठीच्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकारी प्राध्यापकांची हरकत. आता कुणा शहाण्यानं तिथं दोन्ही बाजूंना बसवून ‘आपसात मिटवा’ म्हटलं असतं, तर काय मिटलं असतं?

माझ्या वेळेपर्यंत स्टाफरूममध्ये सगळ्यांना माठ एकच झाला होता. जात तिथून उठून वेळापत्रकात जाऊन बसली होती. शाळा अनुदानित. म्हणजे इमारत संस्थेची, मर्जी संस्थेची, पगार सरकारी तिजोरीतून. कुणी रजेवर गेलं की त्याचे तास दुसऱ्यानं घ्यायचे, त्याला आम्ही ऑफ तास म्हणतो. ते माझ्या बोकांडी. दहावीचा वर्ग मात्र कधी नाही. पर्यवेक्षकांना विचारलं तर म्हणे, तुम्ही लोक फार मनाला लावून घेता. मुख्याध्यापकांनी दोघांना केबिनमध्ये घेतलं, चहा पाजला, हातात हात द्यायला लावले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाचवा तास, सातवा तास, पुन्हा माझंच नाव!

मग मी एक वही घातली. तारीख, तास, वर्ग, कुणाच्या बदली. बाकी काही लिहायचं नाही. शिव्या मनात.

ज्येष्ठता यादीचंही तसंच. क्लार्क कोरा कागद पुढं करायचा, सर, इथं सही. खाजगी शाळांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा, नियमावली १९८१ ची. यादी करून सगळ्यांना दाखवायची, मिळाल्याची सही घ्यायची, वाद झाला तर शिक्षणाधिकाऱ्यानं निकाल द्यायचा, हे तिच्यातच आहे. मी यादी मागितली. माझ्यानंतर लागलेला माणूस माझ्या वर! मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेनं मिळतं, मग ही चूक साधी कशी? शिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयात चपला झिजवल्या तेव्हा नाव वर आलं. त्या काळात स्टाफरूममध्ये मी भांडखोर होतो. ज्यानं यादी बदलली तो मनमिळाऊ.

पुढं मी मुख्याध्यापक झालो. आणि पहिल्या वर्षी सगळे ऑफ तास त्या जुन्या गटावर लादले. मजा आली, खोटं कशाला बोलू. पर्यवेक्षक निवृत्तीला टेकलेले, जिना चढून सातव्या तासाला वर जायचे. मी खिडकीतून बघायचो.

एक दिवस त्या गटातल्या बाई आल्या. माझ्या भांडणानंतर कितीतरी वर्षांनी लागलेल्या. त्यांनी टेबलावर वही ठेवली. तारीख, तास, वर्ग, कुणाच्या बदली. ‘सर, तुम्ही अशीच वही ठेवायचात असं ऐकलंय.’ एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडखोर म्हणायची सोय झाली असती.

दुसऱ्या दिवसापासून ऑफ तासांची वही स्टाफरूमच्या टेबलावर उघडी ठेवली. पाळीनं नावं, ज्यानं घेतला त्याची सही. पाळीत माझंही नाव. ज्येष्ठता यादी नोटीस बोर्डावर. आमचेच दोन कार्यकर्ते येऊन म्हणाले, सर, आपला पोरगा खाली कसा? म्हटलं, तो नंतर लागलाय, तारीख वाच. ते चहा न घेता गेले. अजून बोलत नाहीत.

म्हणून भांडणं थांबली का? नाही. दहावीचा निकाल, सुपरव्हिजन, रजा, यावरून रोज कुरबुर. पण आता कुरबुर करणारा वहीवर बोट ठेवून बोलतो, माझ्या तोंडाकडं बघत नाही.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. जातीवरून शिवी आली तर ते स्टाफमधलं भांडण नव्हे. त्याला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथं मुख्याध्यापकाचा चहा प्यायचा नाही, मी मुख्याध्यापक असलो तरी. सरळ पोलीस ठाणं गाठायचं.

ते पर्यवेक्षक निवृत्त झाले. निरोप समारंभाचं भाषण मीच केलं. जिन्याचं बोललो नाही.