घामाची साक्ष

मद्यपी कितीही शपथा घेवो, त्याचा घाम निराळीच साक्ष देतो. प्यालेलें बहुतेक मद्य यकृतांत जळतें. सुमारें शंभरावा भाग मात्र कातडीवाटे बाहेर पडतो. घोट्याला बांधावयाचें एक कडें दर अर्ध्या तासानें ही वाफ ओढून घेतें. आंतील विद्युदग्रावर मद्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो. मद्य जितकें अधिक, तितका प्रवाह मोठा.

अमेरिकेंतील साउथ डकोटा राज्यांत दारूच्या नशेंत वारंवार मोटार हांकणाऱ्यांसाठीं २००५ सालीं एक योजना निघाली. अपराध्यानें दिवसांतून दोनदां श्वास तपासून घ्यावा; दूर राहणाऱ्यानें हें कडें घालावें. मद्य आढळल्यास तत्काळ, पण थोड्या काळाची कोठडी. एरव्हीं तो कामावर जातो, सायंकाळीं मुलाबाळांत असतो.

श्रोत्यांनीं एक गोष्ट मात्र ध्यानांत घ्यावी : हा साक्षीदार उशिरा येतो. रक्तांतील मद्य घामांत उमटण्यास पुष्कळदां तासाहून अधिक काळ लागतो. अत्तरांतील मद्यही त्यास जाणवतें. म्हणून एका आंकड्यावर न विसंबतां चढउताराची सबंध रेषा पाहावी लागते. शिवाय कडें घडलेलें सांगतें. घडणारें थांबवीत नाहीं. पेल्याकडे जाणारा हात आवरावयाचा तो ज्याचा त्यानेंच.