जुन्या स्कूटरचे ब्रेक





वार्षिक समारंभात शिक्षक बोलायला उभा राहिला की विषय बहुधा ठरलेले असतात. शिस्त, चारित्र्य, वाचन, परीक्षेतील यश. त्या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी बोलतील आणि लिहितीलही. मी आज जरा तेलकट हातांचा विषय घेतला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातून आलेली एक जुनी स्कूटर उभी असते. तिचे ब्रेक कसे तपासावेत, नवशिक्याने ते स्वतः कसे दुरुस्त करावेत आणि कोठे हात आवरावा, एवढेच मला सांगायचे आहे.

हा विषय शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. राहुरीच्या आसपासच्या खेड्यांतून शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुलामुलींना एस.टी.च्या वेळा जमतातच असे नाही. ज्या घरात पूर्वी मुलीचे शिक्षण दहावीला थांबत असे, त्या घरात आज वडील उसनवार करून जुनी स्कूटर घेतात आणि मुलगी बी.ए., बी.एस्सी.पर्यंत जाते. मला त्याचा फार आनंद आहे. परंतु स्वस्तातली गाडी घेताना आपण पाहतो काय? रंग पाहतो, सीटचे कव्हर पाहतो, बटन दाबताच इंजिन सुरू होते की नाही ते पाहतो. विकणारालाही हे ठाऊक असते, म्हणून तो नेमक्या याच गोष्टी चकचकीत करून ठेवतो. ब्रेक चाकाच्या आत असतो. तो दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी पैसा घालत नाही.

आता आपल्या नगर–मनमाड रस्त्याचा विचार करा. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या या रस्त्याने रात्रंदिवस चालतात. कित्येकींना मागे दिवा नसतो की चमकपट्टी नसते. त्यातच शिर्डीला जाणाऱ्या मोटारींची घाई. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. पुढे ट्रॉली आहे हे डोळ्यांनी पाहावे, मेंदूने हुकूम द्यावा आणि बोटांनी लिव्हर दाबावा, यातच तो सेकंद संपतो. त्यानंतर ब्रेक चांगले असतील तर गाडी आणखी सुमारे १५ मीटरांवर थांबेल. ब्रेकची ताकद निम्मी असेल तर ३० मीटर लागतील. वेग ६० असेल तर चांगल्या ब्रेकलाही १५ ऐवजी सुमारे ३४ मीटर हवेत, कारण वेग दीडपट झाला की गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते. हे गणित नववीच्या पुस्तकात आहे. आपण ते पाठ करतो, गुण मिळवतो आणि स्कूटरवर बसताना घरी ठेवून येतो.

दुचाकीशी आपल्या जिल्ह्याचे नाते जुने आहे. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली, ती आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या, कारखान्यातून. त्याच वर्षी पुण्याजवळच्या आकुर्डीहून बजाजची चेतक निघाली आणि पुढे कित्येक वर्षे लोक तिच्यासाठी नंबर लावून बसले. पेट्रोलवरच्या चेतकचे उत्पादन कधीच थांबले, तरी खेड्यापाड्यांत ती अजून दिसते. आज दारात उभी असते ती बहुधा गिअर नसलेली स्कूटर. परंतु लूना असो, चेतक असो की जुनी ॲक्टिव्हा, तिघींच्या ड्रम ब्रेकचे तत्त्व एकच.

लिव्हर दाबला की तार ओढली जाते. तार चाकाजवळची एक लहान दांडी, जिला आर्म म्हणतात, ती फिरवते. आर्मच्या टोकाला आत कॅम असतो. तो फिरला की अर्धचंद्रासारखे दोन शू फाकतात आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात. शूवर चिकटवलेल्या घर्षणाच्या पट्टीला गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. लिव्हर सोडला की स्प्रिंगा शूंना परत जवळ ओढतात. विहिरीवरच्या रहाटापेक्षा यात अधिक गूढ काही नाही. गाडीची सगळी गती घर्षणाने उष्णतेत बदलायची, एवढेच ब्रेकचे काम. लायनर झिजला, तेलकट झाला किंवा तार गंजली, की ते काम बिघडते.

गाडी घेण्यापूर्वी, आणि घेतली असेल तर आजच संध्याकाळी, काही गोष्टी पाहा. लिव्हर दाबून पाहा. टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ असावा आणि मग घट्टपणा लागावा. लिव्हर थेट हँडलच्या मुठीला टेकत असेल तर ब्रेक नाहीच असे समजा. आर्मजवळ बहुतेक गाड्यांवर एक बाण आणि ब्रेक प्लेटवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोहोचला, की लायनर संपला. लिव्हर दाबलेला असताना आर्म आणि तार यांच्यात साधारण काटकोन असावा. आर्म त्यापुढे फार झुकला असेल तर बोटांची ताकद वाया जाते. भौतिकशास्त्रात तरफ शिकलेल्यांना त्याचे कारण सांगायला नको. तारेचा एखादा पदर तुटून बाहेर आला असेल तर तार त्याच दिवशी बदला. शेवटी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा. तेल लागले तर ऑइल सील गळते आहे आणि ते तेल शूपर्यंत गेले असण्याचा संभव आहे.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येतो. ब्रेक लागत नाही म्हटले की चाकाजवळचा नट आवळायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक दुरुस्ती. नट आवळल्याने फक्त तारेचा ढिलेपणा जातो. झिजलेला लायनर त्याने वाढत नाही. उलट आवळत आवळत कॅम इतका फिरतो, की एखाद्या दिवशी जोरात ब्रेक मारताच तो आडवा होऊन शू अडकतात. नट हा थोड्या झिजेपुरता आहे. खूण संपली की शू बदलणे हाच उपाय, आणि जोडीची किंमत काही शे रुपयांपलीकडे जात नाही. स्वस्त मिळतात म्हणून बिननावाचे शू मात्र घेऊ नयेत. काटकसर करायला जागा पुष्कळ आहेत.

नवशिक्याने सुरुवात पुढच्या चाकापासून करावी. मागच्या चाकासाठी सायलेन्सर काढावा लागतो आणि मोठा नट सुटायला लांब दांड्याचा पाना लागतो. ते काम दुसऱ्या खेपेला. पुढे डिस्क ब्रेक असेल तर हात लावू नका. त्यातले ब्रेक ऑइल आणि त्यातली हवा काढणे हे जाणकाराचे काम.

इंजिन थंड असावे, जमीन सपाट असावी, गाडी मेन स्टँडवर उभी करावी. फ्रेमच्या पाइपखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि एकाने मागून गाडी धरावी. काहीही सोडण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. पूर्वीचे कारागीर वायसर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने तारेत ओवून ठेवीत. तीही पद्धत उत्तमच. ब्रेकची तार आणि मीटरची तार सोडा, एक्सलचा नट सोडा, एक्सल हळू बाहेर काढा. चाक हातात येईल आणि शूंसकट ब्रेक प्लेट त्यातून वेगळी होईल.

येथे एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका. हवेच्या पंपाने उडवू नका. लायनरमध्ये पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस घालीत आणि आपल्या देशात त्याचा वापर आजही सर्वस्वी बंद झालेला नाही. ती बारीक तंतूंची धूळ फुप्फुसात बसली की वीस-तीस वर्षांनी रोग उभा राहतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याबाबत महत्त्वाचा निकाल दिला, तो कारखान्यांतील मजुरांसाठी. गॅरेजमध्ये बसून दिवसाला दहा ड्रम फुंकणाऱ्या पोराला तो कोणी वाचून दाखवलेला नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका आणि तोंडाला रुमाल असू द्या.

जुने शू काढताना दोन्ही एकदम पुस्तकासारखे मिटवत वर उचलले, की स्प्रिंगेसह निघतात. बोटे सांभाळा, स्प्रिंग उडते. कॅमवर आणि शूंच्या दुसऱ्या टोकाच्या खुंटीवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. लायनरला आणि ड्रमला ग्रीसचे बोटही लागता कामा नये. तेलात भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा घासून पुन्हा बसवण्याची रीत आहे. तो वरून कोरडा दिसतो, पण तापला की आत मुरलेले तेल बाहेर येते. असा शू फेकूनच द्यावा आणि आधी तेलाची गळती बंद करावी. ड्रमची आतली बाजू ओल्या पॉलिश पेपरने हलकी घासून पुसावी. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. झीज त्यापुढे गेली असेल किंवा खोल खाचा पडल्या असतील, तर नवे शू घालूनही उपयोग नाही.

चाक परत बसवताना एका जागी नजर रोखून पाहा. ब्रेक प्लेटला एक खाच असते आणि गाडीच्या बाजूला तिच्यात बसणारा एक दांडा किंवा उंचवटा. ती खाच बरोबर बसलीच पाहिजे. ती हुकली तर ब्रेक लावताच सगळी प्लेट चाकाबरोबर फिरते, तार तुटते आणि चाक जाम होते. या सगळ्या कामात माणूस दगावण्याजोगी चूक कोणती, तर ही. स्प्लिट पिन असलेल्या गाडीत पिन नेहमी नवी घाला.

नट घट्ट झाल्यावर चाक हाताने मोकळे फिरते ना, ब्रेकचा दिवा लागतो ना, हे पाहून लिव्हरचा खेळ ठरवा. काही गाड्यांत एका लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना अशी योजना सक्तीची झाली. अशा गाडीत एक ब्रेक जुळवला की दुसराही तपासावा. मग मोकळ्या मैदानावर सावकाश जात दहा-पंधरा वेळा हलका ब्रेक मारा. नवा लायनर ड्रमशी घासून बसायला वेळ लागतो. नगर रस्त्यावर जाण्यापूर्वी आपले काम जाणत्या उस्तादाला दाखवा. त्यात कमीपणा नाही.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो, अशी भीती घराघरांत आहे. वस्तुतः ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू जोर वाढवत दाबावेत. उसाचे पाचट किंवा ट्रॉलीच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडलेला असेल, तेथे मात्र आधीच वेग कमी करावा. आणि पालकहो, अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलाच्या हाती ही गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

उस्तादाचा उल्लेख आला, म्हणून एक बोलून टाकतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात वाहनदुरुस्ती हा मुसलमान कामगारांच्या ठळक व्यवसायांपैकी एक म्हणून नोंदला आहे. आपल्याला ते अहवालातून कळायची गरज नाही, रस्त्याने चालले तरी कळते. आपल्याकडे दोन प्रकारची मुले तयार होत आहेत. एक शाळा सोडून गॅरेजमध्ये गेलेला. त्याचे हात सगळे जाणतात, पण घर्षण, तरफ, उष्णता ही नावे त्याला कोणी सांगितली नाहीत आणि धुळीचा धोकाही सांगितला नाही. दुसरा शाळेत राहिलेला. त्याला नावे पाठ आहेत, पण पाना धरायला त्याला लाज वाटते. पहिल्याने दहावी पूर्ण केली तर आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याला खुला आहे. दुसऱ्याने एका रविवारी स्वतःच्या घरच्या गाडीचे चाक खोलावे. मुलींनीही खोलावे, गाडी चालवणार त्याच आहेत.

जुने शू निघाले की ते ओल्या फडक्याने पुसून, पिशवीत बांधून शाळेत आणून द्या. नव्या शूशेजारी ते काचेच्या बरणीत ठेवून विज्ञानाच्या खोलीत मांडता येतील. किती मिलिमीटर झिजले ते नववीची मुले बाहेरूनच पट्टी धरून मोजतील, आणि ती गाडी कोणाच्या दारातली होती हे त्यांना सांगायला हरकत नाही.