घरातले ध्वनिमुद्रण

(गाणाऱ्या गटांच्या शिबिरातील भाषण)

आपल्या बँडची तीन गाणी नमुन्यादाखल ध्वनिमुद्रित करायची, तर स्टुडिओ तासावर पैसे घेतो. घड्याळाकडे बघत गायचे म्हटले की नवखीचा गळा दाटतो. घरी दहा वेळा चुकता येते.

खोली लहान घ्या. भिंतींवर गोधड्या टांगा, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा, फ्रिज बंद. (पर्स फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायची आठवण राहील!) माईक म्हणून मोबाइल चालतो. तो एकच असेल तर आवाजाचा तोल अंतराने साधा: गाणारी जवळ, ढोलकी लांब. पुढची कापाकापी ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरवर होते.

पण घर तरी फुकट असते का? स्टुडिओत गेलेली बाई कामाला गेलेली असते; घरात गाणारी रिकामीच समजली जाते. "पाणी दे गं" अशी हाक आली की गाणे तुटते. म्हणून खर्चाच्या कागदावर पहिली ओळ ही लिहा: त्या तीन तासांत स्वयंपाक आणि मुले कोण बघणार?

आणि शेवटी प्रत्येकीचे नाव घाला, ढोलकीवालीचेसुद्धा. जात्यावर ओव्या रचणाऱ्या कितीजणींची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत?